कोच मैदानात, मालक गॅलरीत



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आजचं हे पुष्प गुंफलं जातंय, ते शाळेत पी.टी.चा तास घेत आणि संध्याकाळी त्याच मुलांबरोबर मैदानात उतरत, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. म्हणून व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी 'फुटबॉल क्लब आणि त्याचा खेळाडू-प्रशिक्षक' असा विषय दिला. त्यावर क्रिकेटबद्दल बोललात तर गर्दी होईल, अशी सूचना आली. मुंबईत क्रिकेटवर बोलणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. तेव्हा आज आपण जेवढे आहोत तेवढे पुरेसे आहोत.

मुंबईत 2015 साली दोन व्यावसायिक फुटबॉल क्लब होते. एकाचं नाव मुंबई एफसी आणि दुसऱ्याचं मुंबई सिटी एफसी. नावांत एका शब्दाचा फरक, पण दोघांची दुनिया वेगळी. मुंबई एफसी 2007 मध्ये निघाला, एस्सेल समूहाच्या पैशावर. तो आय-लीगमध्ये खेळायचा आणि त्याचं घर म्हणजे मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं कूपरेज. मुंबई सिटी 2014 मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्माला आला. रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे त्याचे मालक, आणि घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. एकाचा कोच खालिद जमील. दुसऱ्याचा कोच निकोलस अनेल्का, जो त्याच संघाचा खेळाडूही होता. आजचं माझं बोलणं या दोन माणसांभोवती फिरणार आहे. पण मला खरं म्हणजे बोलायचंय ते त्यांना नेमणाऱ्या आणि काढणाऱ्या क्लबांबद्दल.

आधी अनेल्का. फ्रान्सचा हा आघाडीपटू 1999 मध्ये आर्सेनलहून रेआल माद्रिदला गेला, तेव्हा दोन कोटी पौंडांहून जास्त रक्कम मोजली गेली होती आणि त्याचं वय होतं वीस. पुढे पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी. चेल्सीकडून 2008-09 च्या मोसमात 19 गोल करून तो प्रीमिअर लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. माणूस अबोल, आणि वरिष्ठांशी त्याचं क्वचितच पटलेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या 2010 च्या विश्वचषकात प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांच्याशी त्याचा खटका उडाला आणि त्याला घरी पाठवलं गेलं. त्याच्यासाठी उरलेल्या फ्रेंच खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला आणि सगळा संघ बसमध्ये बसून राहिला. अख्ख्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं. ज्याने प्रशिक्षकाला जुमानलं नाही, त्यालाच पाच वर्षांनी मुंबईने प्रशिक्षक नेमलं. मला यात गंमत वाटते, पण वेडेपणा वाटत नाही. शांघाय शेनहुआमध्ये 2012 साली त्याने ही दुहेरी जबाबदारी थोडा काळ सांभाळलेली होती. आणि कोचशी भांडलेला खेळाडू कधीकधी फार समजूतदार कोच होतो.

त्या काळात सुपर लीगला या दुहेरी भूमिकेचं वेडच लागलं होतं. पहिल्या मोसमात चेन्नईयिनकडे मार्को मातेरात्सी, केरळ ब्लास्टर्सकडे डेव्हिड जेम्स. दुसऱ्यात दिल्लीकडे रॉबर्टो कार्लोस, मुंबईकडे अनेल्का. एका पगारात कोच मिळतो, खेळाडू मिळतो आणि होर्डिंगवर लावायला चेहराही मिळतो, असा तो हिशेब. हिशेब अगदीच फसला असंही नाही. जेम्स चव्वेचाळीस वर्षांचे होते, गोलपोस्टमध्ये स्वतः उभे राहत होते आणि त्यांनी केरळला थेट अंतिम सामन्यात नेलं. तो सामना 20 डिसेंबर 2014 रोजी आपल्याच नेरूळला झाला. नव्वद मिनिटं गोलशून्य. भरपाईच्या वेळेत कॉर्नर आला, कोलकात्याच्या मोहम्मद रफीकने उडी मारून हेडर घातला आणि चेंडू जेम्सना चकवून जाळीत. आता विचार करा, कोच बाजूच्या रेषेवर असता तर कॉर्नरआधी एखाद्या उंच बचावपटूला आत पाठवला असता, निदान ओरडून कोणाला तरी रफीकपाशी उभं केलं असतं. इथे कोचचे दोन्ही हात चेंडूकडे होते.

दुहेरी भूमिकेची खरी अडचण हीच. मैदानात उभ्या माणसाला खेळ जमिनीच्या पातळीवरून दिसतो. मधल्या फळीत पडलेली भोकं बाहेर बसलेल्यालाच दिसतात. बदली खेळाडू कधी उतरवायचा हा निर्णय धापा टाकणाऱ्या माणसाने घ्यायचा. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे स्वतःला संघात घ्यायचं की बाकावर बसवायचं.

हे ज्याने जमवून दाखवलं त्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं, ते केनी डॅलग्लिशचं. लिव्हरपूलने 1985 मध्ये त्याला खेळाडू असतानाच व्यवस्थापक केलं. पहिल्याच मोसमात संघ लीगही जिंकला आणि एफए कपही. लीगचा निर्णय 3 मे 1986 रोजी चेल्सीच्या मैदानावर लागला, 1-0, आणि तो एकमेव गोल खुद्द डॅलग्लिशचा. असा योग कादंबरीत लिहिला तर संपादक कापून टाकेल. पण ही गोष्ट सांगताना एक भाग बहुतेक वेळा गाळला जातो. डॅलग्लिशच्या मागे शॅंकली, पेझ्ली आणि फॅगन अशी पंचवीस वर्षांची सलग परंपरा उभी होती. बॉब पेझ्ली त्याच क्लबचा खेळाडू, मग फिजिओ, मग सहायक, मग व्यवस्थापक. आणि डॅलग्लिश खुर्चीवर बसला तेव्हा हाच पेझ्ली सल्लागार म्हणून त्याच्या शेजारी होता. अॅनफील्डवर बूट ठेवायच्या छोट्या खोलीत ही सगळी मंडळी चहा पीत बसायची आणि मागच्या सामन्याची चिरफाड करायची. डॅलग्लिश मैदानात असताना बाहेरून पाहणारे डोळे त्या खोलीतले होते.

अनेल्काच्या मागे कोण होतं? एक वर्ष वयाचा क्लब. अडीच महिन्यांचा मोसम. लिलावात आणि करारांनी जमवलेला संघ, जो डिसेंबर संपताच पांगणार. मुंबईने त्या जुलैच्या लिलावात सुनील छेत्रीला 1 कोटी 20 लाखांना घेतलं होतं. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. हैतीचा सोनी नोर्दे होता. काही संध्याकाळी या संघाचा खेळ बघण्यासारखा झाला. ऑक्टोबरात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध 5-1 असा विजय मिळाला आणि छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली, सुपर लीगमधली भारतीय खेळाडूची पहिली. पण पुढच्याच महिन्यात, 17 नोव्हेंबरला, फातोर्ड्याला एफसी गोवाकडून मुंबईने 0-7 असा मार खाल्ला. समोरच्या दोघांनी, डुडू आणि हाओकिप यांनी, एकाच सामन्यात आपापली हॅट्‌ट्रिक पूर्ण केली. मडगावकरांना त्या रात्री झोप लागली नसेल, आनंदाने. असा पराभव खेळाडूंच्या पायांतून होत नाही. आपण बचाव कसा करायचा हे अकरा जणांनी मिळून ठरवलेलंच नसतं, तेव्हा तो होतो. आणि ते ठरायला महिने लागतात. मुंबई सहाव्या क्रमांकावर राहिली, अनेल्का गेला, पुढच्या वर्षी सगळं पुन्हा नव्याने मांडलं.

आता कूपरेजकडे वळू.

खालिद जमीलचा जन्म कुवेतचा, 1977 चा. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आलं. मधल्या फळीत खेळणारा हा मुलगा महिंद्राकडे गेला, मग एअर इंडियाकडे, पुन्हा महिंद्राकडे, आणि 2007 मध्ये नव्या मुंबई एफसीकडे. भारताकडूनही खेळला. कारकिर्दीच्या उत्तरार्धात दुखापतींनी त्याला पोखरलं. मुंबई एफसीचे पहिले कोच होते इंग्लंडचे डेव्हिड बूथ, त्यांच्या काळात क्लब दुसऱ्या विभागातून वर आला. बूथ गेल्यावर 2009 मध्ये क्लबने ड्रेसिंगरूममधल्याच बत्तीस वर्षांच्या माणसाला कोचच्या बाकावर बसवलं. अनेल्कासारखी दुहेरी पाटी त्याच्या गळ्यात नव्हती. पण काल ज्यांच्याबरोबर बूट बांधले त्यांनाच आज संघाबाहेर ठेवायचं, ही खेळाडू-प्रशिक्षकाची खरी परीक्षा त्याच्याही वाट्याला आली. आणि सात वर्षं येत राहिली.

या सात वर्षांत मुंबई एफसीने एकही मोठं विजेतेपद मिळवलं नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यांचा खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता. खाली दाटीवाटीने बचाव, फ्री किक आणि कॉर्नरवर भर, एक गोल झाला की दारं बंद. टीकाकार नाकं मुरडायचे. पण दर वर्षी मे महिना आला की तळाच्या धोक्यातून हा क्लब कसाबसा सुटलेला असायचा. पैसा कमी, नावाजलेले परदेशी खेळाडू कमी. कूपरेजवर कृत्रिम गवत बसवण्याचं काम निघालं तेव्हा घरचे सामने पुण्याला, बालेवाडीत. मुंबईचा क्लब, आणि घरच्या सामन्याला एक्स्प्रेसवेने जायचं. अशा संघाला टिकवणं हे कौशल्यच आहे, पण त्याची बातमी होत नाही.

थोडं मागे जातो, कारण कूपरेजचा इतिहास मुंबई एफसीपासून सुरू होत नाही. कूपरेजवर रंगायचा तो रोव्हर्स कप 1891 चा. सुरुवातीची कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींनीच जिंकला. हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वेळा तो नेला, तेव्हा त्यांचे कोच होते एस. ए. रहीम, पेशाने शाळामास्तर. 'मैदान' चित्रपटामुळे ते नाव आता नव्या पिढीलाही माहीत झालंय. मग कंपन्यांचे संघ आले: टाटा, मफतलाल, ऑर्के, आरसीएफ, बँका, रेल्वे. खेळाडूला नोकरी मिळायची, सकाळी हजेरी लावायची आणि मग सरावाला सुटायचं. पोरगं फुटबॉल खेळतंय म्हणून मुंबईतल्या मध्यमवर्गीय बापाने डोक्याला हात लावला नाही, तो या हजेरीपत्रकामुळे. महिंद्राचा संघ 1962 चा. 2000 मध्ये त्याचं महिंद्रा युनायटेड झालं. गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः भारताचे बचावपटू राहिलेले, यांच्या हाताखाली या संघाने 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं होतं हे आज किती मुंबईकरांना आठवतं? आणि चारच वर्षांनी, 2010 मध्ये, कंपनीने संघ बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार, असं जाहीर झालं.

एअर इंडिया आणि ओएनजीसी 2013 मध्ये परवान्याच्या अटी पुऱ्या करता न आल्याने आय-लीगबाहेर गेले. पुण्याचा पुणे एफसी 2012-13 मध्ये उपविजेता होता, तोही परेरांच्याच हाताखाली. तीन वर्षांत तो नाहीसा झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच मोसम खेळला. एवढ्या तेराव्यांना हजेरी लावल्यावर कोणालाही विचारावंसं वाटेल की हे क्लब होते की कंपनीच्या ताळेबंदातल्या नोंदी?

मुंबई एफसीने 2016 मध्ये खालिदला नारळ दिला. तो ऐझॉलला गेला.

ऐझॉल एफसीची कथा आपल्याशी कशी जोडलेली आहे ते ऐका. त्या वर्षी आय-लीगमध्ये नऊ संघांत पुण्याचा डीएसके शिवाजियन्स नववा, म्हणजे शेवटचा आला. पण तो कॉर्पोरेट प्रवेशाने आलेला, त्यामुळे त्याला खाली पाठवायचं नाही असा नियम. म्हणून आठवा आलेला ऐझॉल खाली गेला. पुढे गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा निषेध करत लीगमधून बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत बोलावलं गेलं. असा हा परतीच्या तिकिटावर आलेला संघ आणि असा हा नोकरी गेलेला कोच. खालिदने मुंबईत पाहिलेले काही खेळाडू, आशुतोष मेहता आणि जयेश राणे, त्याच्याबरोबर तिथे खेळले. मध्यभागी लायबेरियाचा आल्फ्रेड जरयान आणि सीरियाचा महमूद अल अमना. बाकी मिझो पोरं.

शेवटच्या फेरीआधी घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 असं हरवून ऐझॉल पुढे गेला. आता शिलाँगला लाजोंगविरुद्ध एक बरोबरी पुरेशी होती. तारीख 30 एप्रिल 2017. नवव्याच मिनिटाला लाजोंगच्या दिपांडाने गोल केला. त्यानंतर तासभर ऐझॉल मागे होता. खालिद बाजूच्या रेषेवर, अस्वस्थ येरझाऱ्या. हा तोच माणूस ज्याने सात वर्षं दर मे महिन्यात तळाशी झुंज दिली; हरायला पाच मिनिटं उरली असताना काय करायचं आणि काय करायचं नाही याचा त्याच्याइतका अभ्यास देशात कोणाचा नसेल. त्याने संघ उधळू दिला नाही. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि मग ऐझॉलने मुंबई पद्धतीने दारं बंद केली. 1-1. ऐझॉल 37 गुण, मोहन बागान 36. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय विजेता.

त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन दुसऱ्या विभागात घसरला. पुन्हा उभा राहायचा प्रयत्नही झाला नाही. क्लब बंद पडला. कोच काढला म्हणून क्लब बुडाला, असं सोपं गणित मी मांडणार नाही. सुपर लीगने प्रायोजक आणि प्रेक्षक दोन्ही ओढून घेतले होते. मालकांना दुसऱ्या दर्जाच्या ठरलेल्या लीगमध्ये रस उरला नव्हता. पण क्लबात जे काही साठलं होतं ते एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो माणूस गेल्यावर कागदावर शिल्लक काही नव्हतं. लिव्हरपूलच्या बुटांच्या खोलीत पाच-सहा जणांचं ज्ञान होतं, एक गेला तर दुसरा उठून उभा राहायचा.

मुंबई सिटीचं पुढे बरं झालं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेतला. सर्जिओ लोबेरांच्या हाताखाली 2020-21 मध्ये संघाने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले; फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममधल्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही हाच, 2022 चा. व्यवस्था हाती असली की काय होतं ते यावरून दिसतं. तरीही 2025 च्या जुलैमध्ये लीग चालवण्याच्या हक्कांच्या कराराचा तिढा सुटला नाही आणि अख्खी सुपर लीगच स्थगित झाली. तेव्हा शील्ड आणि करंडक कपाटात असलेल्या क्लबलाही पुढचा सामना कधी, हे सांगता येत नव्हतं.

त्याच गोंधळात, ऑगस्ट 2025 मध्ये, खालिद जमील भारताचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. सावियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी या जागेवर कायम नेमणुकीचा भारतीय माणूस आला. मधल्या काळात त्याने ईस्ट बंगाल आणि मोहन बागान पाहिले, नॉर्थईस्टला उपांत्य फेरीत नेलं, जमशेदपूर सांभाळलं. सुरुवात छान झाली, मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक. मग ऑक्टोबरात सिंगापूरकडून फातोर्ड्याला 1-2 अशी हार झाली आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. त्याचं मूल्यमापन आज करायची मला घाई नाही. मला एवढंच दिसतं की मुंबईच्या तीन संघांत खेळून आणि त्यातल्या एकात सात वर्षं बाकावर बसून तयार झालेला हा कोच आहे, आणि ते तिन्ही संघ आज त्या रूपात उरलेले नाहीत.

मग टिकतं काय? कोल्हापूरला जाऊन पाहा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. तालमींचे संघ, पेठांचे संघ. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की गावात दुसरं काम निघत नाही. तिथे कालचा कर्णधार आज पोरांना शिकवतो, आणि त्याच्या नेमणुकीचं पत्रक कोणी काढत नाही. तिथेही दोष आहेत. प्रेक्षकांची हुल्लडबाजी आहे, परवाना मिळवण्याजोगी व्यवस्था नाही, व्यावसायिक लीगपर्यंत यांपैकी कोणी पोचलेलं नाही. पण मालकाने फोन केला आणि तालीम बंद पडली, असं तिथे होऊ शकत नाही, कारण फोन करायला मालकच नाही. मुंबईकडे व्यावसायिकता होती, कोल्हापूरकडे सभासद आहेत. या दोहोंची गाठ महाराष्ट्रात कोणी घालून दिलेली नाही. क्लबच्या घटनेत सभासदांना काही टक्के मालकी आणि माजी खेळाडूंना प्रशिक्षकाच्या परवान्याचा खर्च, एवढ्या दोन गोष्टी जरी फुटबॉल संघटनेने सक्तीच्या केल्या तरी पुढचा खालिद घडायला नशिबावर विसंबावं लागणार नाही.

शेवटी एक विनंती. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ नेव्हिल डिसोझा मैदान आहे. मुंबईच्या याच नेव्हिलने 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि त्याचे कोच होते तेच रहीमसाहेब. या मैदानावर मुंबई जिल्हा लीगचे सामने चालतात. पाहायला फारसं कोणी नसतं. तिथे आजही असे काही चाळिशीचे गडी आहेत, जे पूर्वार्धात खेळतात आणि उत्तरार्धात बाहेर उभं राहून पोरांवर ओरडतात. एखाद्या शनिवारी दुपारी जाऊन बसा, आणि जो क्लब आवडेल त्याचा सभासद व्हायचं असेल तर कोणाकडे नाव द्यायचं, हे त्यांच्यातल्याच कोणाला तरी विचारा.